खिडकीच्या अलीकडे

मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या कुठल्याही गजबजलेल्या स्थानकावर तिकीटखिडक्यांच्या आसपास स्वयंचलित तिकीटयंत्रं ओळीने उभी असतात. एटीव्हीएम हे त्यांचं सरकारी नाव. बोलताना सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. प्रवाशाने स्टेशन स्वतः निवडावं, पैसे स्वतः भरावेत आणि तिकीट घेऊन चालू पडावं, यासाठी ती बसवलेली. त्यांतल्या एखाद्या यंत्राशेजारी मात्र हमखास एक खुर्ची असते आणि खुर्चीवर एक गृहस्थ, बहुधा रेल्वेतूनच निवृत्त झालेले. "ठाणे, रिटर्न, दोन," प्रवासी म्हणतो. गृहस्थांचं बोट पडद्यावर टपटप चार ठिकाणी पडतं, तिकीट बाहेर सरकतं, सुटे पैसे हातावर येतात. "कल्याण, सिंगल," तोवर पुढचा बोललेला असतो.

गंमत अशी की रांग लागते ती याच यंत्रापुढे. शेजारची दोन यंत्रं मोकळी असतात.

रेल्वेच्या भाषेत या गृहस्थांना 'फॅसिलिटेटर' म्हणतात. ते स्वतःच्या स्मार्ट कार्डात पैसे भरून ठेवतात, त्यातून लोकांना तिकिटं काढून देतात आणि प्रवाशाकडून तेवढीच रोख रक्कम घेतात. कार्ड रिचार्ज करताना रेल्वे जो काही टक्के बोनस देते, ती त्यांची कमाई. प्रवाशाला जादा भुर्दंड पडत नाही, रेल्वेला खिडकी उघडावी लागत नाही आणि निवृत्त माणसाच्या हाताला काम मिळतं.

माणसाविना चालावं म्हणून आणलेल्या यंत्राला शेवटी माणूस द्यावाच लागला, याला फजिती म्हणायचं का? तसं म्हणता येणार नाही. खिडकीमागे बसणाऱ्या बुकिंग क्लार्कला खोली लागते, गल्ला लागतो, पाळी संपल्यावर हिशेब जुळवावा लागतो. यंत्राशेजारच्या माणसाला खुर्ची पुरते. पण स्वयंसेवेबद्दल जी एक समजूत असते, की यंत्र आलं आणि काम संपलं, तिला या खुर्चीमुळे तडा जातो. काम संपलेलं नसतं. ते खिडकीच्या पलीकडून अलीकडे आलेलं असतं. कधी ते ग्राहकाच्या अंगावर पडतं, तर कधी शेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या मदतनिसाच्या. बँक असो, विमानतळ असो की बर्गरचं दुकान, सेल्फ-सर्व्हिस किऑस्क कुठे चालला आणि कुठे फसला हे समजून घ्यायचं, तर हे काम नेमकं कुणाकडे गेलं ते पाहावं लागतं.

पडद्यामागे काय असतं?

जे काम उरकायला एरवी काउंटरवरच्या माणसाशी बोलावं लागतं, ते ग्राहकाने पडद्याला बोट लावून स्वतः करावं म्हणून सार्वजनिक जागी उभं केलेलं यंत्र म्हणजे किऑस्क. चहा-कॉफीचं यंत्र एक वस्तू देऊन मोकळं होतं. किऑस्क आधी विचारतो, मग माहिती तपासतो, पैसे घेतो आणि शेवटी तिकीट, पावती, पासबुकातली नोंद किंवा बोर्डिंग पास हातात ठेवतो. गावोगावची सेवा केंद्रं मात्र यात मोडत नाहीत. तिथे संगणक असला, तरी तो चालवायला माणूस बसलेला असतो.

बाहेरून भारदस्त दिसणारं हे कपाट उघडलं, तर आत एक साधासुधा संगणक निघतो. त्याला टचस्क्रीन, कार्ड किंवा क्यूआर वाचणारं उपकरण, छोटा प्रिंटर, नेटवर्कची वायर आणि वीज गेली तर थोडा वेळ तग धरायला बॅटरी. खरी करामत सॉफ्टवेअरची असते. या संगणकाला एकाच प्रोग्रॅममध्ये कोंडून ठेवलेलं असतं. कुणी कितीही बटणं दाबली तरी त्याबाहेर जाता येऊ नये, अडकला तर तो आपला आपण पुन्हा सुरू व्हावा आणि कुणी अर्धवट सोडून गेलं तर काही सेकंदांत पहिल्या पडद्यावर परतावा, अशी रचना. शेवटची सोय सुरक्षेसाठी असते, नाहीतर आधीच्या माणसाची माहिती पुढच्याच्या हाती लागेल. पण सावकाश वाचणाऱ्यांचा घोळ होतो तोही इथेच. चष्मा सापडेपर्यंत पडदा पुन्हा 'भाषा निवडा'वर आलेला असतो.

टचस्क्रीनचेही प्रकार असतात. मोबाइलचा पडदा बोटातून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारावर चालतो, म्हणून साधे हातमोजे घातले की तो दाद देत नाही आणि पाण्याचे थेंब पडले की गोंधळतो. दुसऱ्या प्रकारात पडद्याच्या चौकटीतून न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची जाळी सोडलेली असते. बोट ती जिथे अडवतं, तिथे स्पर्श झाला असं यंत्र समजतं. जुलैच्या पावसात छत्री काखेत, पिशवी मनगटात आणि ओलं बोट पडद्यावर अशा अवस्थेतल्या प्रवाशाला हा फरक माहीत नसतो. त्याला एवढंच कळतं, की डोंबिवलीवर बोट ठेवलं तर यंत्राने भलतंच स्टेशन उचललं.

प्रिंटर बहुतेक ठिकाणी थर्मल असतो. त्याला शाई लागत नाही. कागदावरच रासायनिक लेप असतो आणि प्रिंटरचं तापलेलं टोक जिथे टेकेल तिथे तो काळा पडतो. शाई संपण्याची कटकट नाही, सुटे भाग कमी, म्हणून देखभाल स्वस्त. उलट बाजू अशी, की हाच कागद उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात राहिला की अक्षरं पुसट होतात. महिनाभराने वॉरंटीसाठी जपलेली पावती काढावी, तर हाती कोरा कागद.

पाण्यापासून पाण्यापर्यंत

नाणं टाकून वस्तू घ्यायची कल्पना दोन हजार वर्षांची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा गणिती होऊन गेला. त्याने मंदिरातल्या पवित्र पाण्याच्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलं आहे. भांड्याच्या वरच्या फटीतून पाच द्राख्माचं नाणं टाकायचं. ते आतल्या तरफेच्या टोकावरच्या पात्यावर पडतं, त्याच्या वजनाने तरफ झुकते, दुसरं टोक वर उचललं जाऊन झडप उघडते आणि पाणी वाहू लागतं. तरफ पुरेशी कलली की नाणं घसरून खाली पडतं, झडप मिटते, पाणी थांबतं. विजेविना, माणसाविना, मोजून मापून.

आज मराठवाड्यात आणि विदर्भात कितीतरी गावांमध्ये ग्रामपंचायतीच्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावर जवळपास हाच व्यवहार चालतो. लोक त्याला 'पाण्याचं एटीएम' म्हणतात. नाणं टाकायचं किंवा कार्ड लावायचं, नळाखाली जार धरायचा आणि ठरलेलं पाणी आलं की नळ बंद. दर गावागणिक वेगळे, पण पाच-दहा रुपयांत वीस लिटरचा जार भरतो. आत आता तरफेऐवजी मोजमापाचा मीटर आणि विजेवर चालणारी झडप असते. वीज गेली की केंद्र बंद पडतं, हा एक तोटा हेरॉनच्या यंत्राला नव्हता.

आधुनिक काळात अशी यंत्रं पसरली ती रेल्वे स्थानकांवरून. १८८० च्या दशकात पर्सिव्हल एव्हरिट या इंग्रज गृहस्थाने लंडनच्या स्थानकांवर नाणं टाकून पोस्टकार्ड मिळण्याची सोय केली. नाण्यावर चालणाऱ्या वजनकाट्याचं पेटंटही त्याने घेतलं होतं. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला यंत्राशी केलेला पहिला व्यवहार आठवतो तो याच वजनकाट्याशी. फलाटावर लखलखत्या दिव्यांचं ते उंच यंत्र, त्यात गरगर फिरणारं लाल-पांढरं चक्र, ते थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं आणि मग नाणं टाकायचं. खट्कन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मुलं वजनाकडे ढुंकूनही न बघता भविष्य वाचायची.

प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा पडदा यायला १९७७ उजाडलं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मरे लॅपे या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या 'प्लेटो' संगणकप्रणालीवर माहिती देणारा किऑस्क उभारला. कुठला कार्यक्रम कधी आहे, कुठली बस कुठे जाते, कुठल्या विषयाला प्रवेश कसा घ्यायचा, हे विद्यार्थ्यांनी पडद्याला विचारायचं. पुढे घडलेल्या अशा यंत्रांचा हा पूर्वज मानला जातो.

शिलाँगमध्ये जन्मलेला माणूस

सर्वसामान्यांनी मनापासून स्वीकारलेलं स्वयंसेवा यंत्र म्हणजे एटीएम. २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनमधल्या एनफिल्ड इथे बार्कलेज बँकेच्या शाखेबाहेर ते सुरू झालं. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ चा, आणि तोही आपल्याकडचा, शिलाँगचा. त्या यंत्रात प्लास्टिकचं कार्ड चालत नसे. बँकेतून आधी खास कागदी व्हाउचर आणावं लागे. यंत्राला ते ओळखता यावं म्हणून त्यावर कार्बन-१४ या किरणोत्सारी द्रव्याचा अगदी सौम्य अंश लावलेला असे. एका वेळी जास्तीत जास्त दहा पौंड मिळत.

सांकेतिक क्रमांक किती आकडी असावा, याचा निर्णयही शेफर्ड-बॅरन यांच्या घरातच झाला. त्यांना स्वतःला सहा आकडे सोयीचे वाटत होते. पत्नी कॅरोलाइन म्हणाल्या, आपल्या लक्षात चारच राहतील. चारवर शिक्कामोर्तब झालं. आज पैसे काढताना बहुतेक जण चारच आकडे दाबतात.

भारतात पहिलं एटीएम आलं ते १९८७ मध्ये, मुंबईत, एचएसबीसी बँकेचं. त्यानंतर बराच काळ एटीएम ही शहरातल्या, त्यातही विशिष्ट बँकांच्या खातेदारांची चैन होती. बँकांची यंत्रं एकमेकांना जोडली गेल्यावर कुठलंही कार्ड कुठेही चालू लागलं. लहान गावांत यंत्रं पोहोचावीत म्हणून बँक नसलेल्या कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेने एटीएम चालवायची परवानगी दिली. अशा 'व्हाइट लेबल' यंत्रांपैकी देशातलं पहिलं २०१३ मध्ये सुरू झालं ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, वसईजवळच्या चंद्रपाडा गावात. तेव्हा टाटा समूहाच्या असलेल्या 'इंडिकॅश'चं ते यंत्र. मुंबईत पहिलं एटीएम आल्यापासून वसई तालुक्यातल्या एका गावापर्यंत हा पल्ला गाठायला सव्वीस वर्षं लागली.

पासबुक, बर्गर आणि बोर्डिंग पास

बँकेच्या शाखेतलं दुसरं यंत्र एटीएमइतकं चर्चेत नसतं, पण ज्येष्ठ नागरिकांचा जीव त्यात गुंतलेला असतो. ते पासबुक छापण्याचं. स्टेट बँकेने त्याला 'स्वयम' असं नाव दिलं आहे. पासबुकावर बारकोडचं स्टिकर चिकटवलेलं असतं. शेवटच्या छापलेल्या पानावर ते उघडायचं आणि फटीत सरळ सरकवायचं. यंत्र बारकोड वाचतं, खातं ओळखतं, कर्र कर्र आवाज करत नोंदी छापतं आणि पान भरलं की पुढचं पान उलटायला सांगतं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. पूर्वी यासाठी काउंटरवर पासबुकांचा गठ्ठा ठेवून "दुपारनंतर या" असं ऐकावं लागे.

तरी सकाळी अकराच्या सुमारास या यंत्रापाशी थोडं थांबून पाहावं. पासबुक उलटं घातलं जातं, स्टिकर फाटलेलं असतं, चुकीचं पान उघडलेलं असतं. मग दारावरचा सुरक्षारक्षक येतो. "काका, असं नाही, असं धरा." बँकेने त्याला नेमलेलं असतं दारावर लक्ष ठेवायला. रोज तो कितीतरी पासबुकं सरळ करून देतो. तिकीटयंत्राच्या फॅसिलिटेटरला निदान बोनस मिळतो. बँकेच्या दारातल्या या मदतीचा हिशेब कुठल्याच खात्यात लिहिला जात नाही.

विमानतळावर चित्र वेगळं दिसतं. तिथला किऑस्क झपाट्याने रुजला, कारण येणारा प्रवासी बहुतेक करून फोन, ईमेल, पीएनआर यांना सरावलेला असतो. शिवाय चेक-इनच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा यंत्र परवडलं, असं त्याला मनापासून वाटतं. पीएनआर टाकायचा, जागा निवडायची, बोर्डिंग पास घ्यायचा आणि काही ठिकाणी सामानाला लावायची पट्टीही तिथेच छापून स्वतः चिकटवायची. एकच यंत्र अनेक विमान कंपन्यांना वापरता यावं यासाठी आयाटा या आंतरराष्ट्रीय संघटनेने सामाईक मानक ठरवलं आहे, त्यामुळे प्रत्येक कंपनीला आपापलं कपाट उभं करावं लागत नाही. भारतात याच्या पुढचं पाऊल पडलं १ डिसेंबर २०२२ रोजी. दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीच्या विमानतळांवर 'डिजियात्रा' सुरू झाली आणि आधी नोंदणी केलेल्या प्रवाशाचा चेहराच प्रवेशपत्र बनला.

खाण्याच्या दुकानातला किऑस्क चतुर विक्रेता असतो. मोठ्या शहरांतल्या बर्गरच्या दुकानांत माणसाच्या उंचीचे पडदे आता दिसतात. बर्गर निवडला की पडदा विचारतो, फ्राइज घ्यायच्या? त्या निवडल्या की विचारतो, मोठ्या? पेय? वर चीजचा एक जादा थर? काउंटरवरचा मुलगा दिवसातून शंभर वेळा हे विचारून कंटाळतो, कधी विसरतो, कधी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून गप्प बसतो. पडदा कंटाळत नाही की विसरत नाही. गिऱ्हाइकाचीही भीड चेपलेली असते, कारण मागे कुणी खोळंबल्याचा दबाव कमी आणि दोन बर्गर मागवले म्हणून कुणी भुवया उंचावत नाही. मोठमोठ्या फिरत्या चित्रांसह केलेली ही मांडणी अपघाताने झालेली नाही. किऑस्कवरची ऑर्डर काउंटरपेक्षा मोठी येते, हा या धंद्यातला सर्वपरिचित अनुभव आहे. स्वयंपाकघरातली माणसं मात्र कमी होत नाहीत. ऑर्डर भराभर येऊ लागल्या की आत हात जास्तच लागतात.

जिथे यंत्राने हात टेकले

सगळ्यात कसोटीचा प्रकार म्हणजे सुपरमार्केटमधलं स्वतःचं बिल स्वतः करायचं यंत्र. १९८६ मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या क्रोगर दुकानात त्याचा सुरुवातीचा प्रयोग झाला. ग्राहकाने प्रत्येक वस्तूचा बारकोड दाखवायचा आणि वस्तू शेजारच्या पिशवीत ठेवायची. पिशवीखाली वजनकाटा असतो. कुठल्या बारकोडच्या वस्तूचं वजन किती हे यंत्राला ठाऊक असतं, त्यामुळे न दाखवलेली वस्तू पिशवीत पडली की काटा चुगली करतो. चोरी पकडायला योजलेली ही युक्ती प्रामाणिक माणसालाच जास्त छळते. कुणी पर्स टेकवली, पिशवी जरा हलली किंवा पोराने हात ठेवला, की यंत्र अडून बसतं, दिवा लाल होतो आणि कर्मचारी येईपर्यंत ग्राहक ओशाळवाणा उभा.

दुसरीकडे लबाडाला वाट सापडतेच. सुट्या भाज्या-फळांना बारकोड नसतो. पडद्यावरच्या यादीतून नाव निवडायचं असतं. काट्यावर महागडी फळं आणि पडद्यावर गाजर, हा प्रकार पाश्चात्त्य देशांतल्या दुकानदारांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या बूथ्स या जुन्या किराणा साखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या २८ पैकी दोन दुकानं वगळता बाकी ठिकाणची ही यंत्रं काढायचं जाहीर केलं आणि काउंटरवर पुन्हा माणसं बसवली. ग्राहकांना माणसाशी बोलायला आवडतं, हे त्यांनी दिलेलं कारण.

हीच गोष्ट वेगळ्या तंत्राने सुरळीत झालेली पाहायची असेल, तर क्रीडासाहित्य विकणाऱ्या डेकॅथलॉनमध्ये डोकावावं. त्यांच्या मालाला आरएफआयडी चिठ्ठी लावलेली असते. रेडिओलहरींवर ती दुरून वाचता येते, त्यामुळे बूट, टी-शर्ट, चेंडू असं सगळं खोक्यात एकदम टाकलं की क्षणात यादी पडद्यावर येते. एकेक बारकोड शोधत बसायचं काम ग्राहकावर पडतच नाही. ते कारखान्यात चिठ्ठी लावतानाच उरकलेलं असतं. पण भाजीच्या जुडीला अशी चिठ्ठी लावणं परवडत नाही, म्हणून किराण्याचं कोडं सुटलेलं नाही.

ज्यांचा हात पोहोचत नाही

काम ग्राहकाकडे आलं की ग्राहकाला ते जमायला हवं, ही ओघाने आलेली अट. गुळगुळीत काचेवर दृष्टिहीन माणसाच्या बोटाला काही लागत नाही. जुन्या एटीएमवर निदान खरी बटणं होती, '५' या आकड्यावर उंचवटा होता. टचस्क्रीनने तोही आधार काढून घेतला. २०१२ मध्ये युनियन बँकेने अहमदाबादमध्ये बोलणारं एटीएम सुरू केलं. इअरफोन लावला की ते सूचना कानात सांगतं आणि त्या वेळी पडदा कोरा ठेवता येतो, म्हणजे मागच्याला रक्कम दिसत नाही. तंत्र अवघड नाही. अडचण येते ती दारातल्या पायरीची किंवा सोय असूनही कुणी चालू न केलेल्या आवाजाची.

व्हीलचेअरवरून हात किती उंच पोहोचतो, याचंही माप ठरलेलं आहे. अमेरिकी नियमांनुसार चालवायचा भाग जमिनीपासून ४८ इंच, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटरच्या वर असता कामा नये. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून लागू झालेल्या सुगम्यता कायद्याने एटीएम, तिकीटयंत्रं आणि चेक-इन किऑस्क यांना नियमांच्या कक्षेत आणलं. भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क मांडणारा २०१६ चा कायदा आहे. पण बर्गरच्या दुकानातल्या पुरुषभर उंच पडद्यावर 'पुढे जा'चं बटण कुठे ठेवायचं, हे अजून डिझाइन करणाऱ्याच्या मर्जीवर चालतं.

भाषेचा मुद्दा तितकाच मोठा. तिकीटयंत्रावर मराठी निवडता येते, एटीएमवरही बहुधा येते. खासगी दुकानांतल्या किऑस्कवर ती क्वचितच भेटते. आणि मराठी असली तरी ती कशी आहे हा प्रश्न उरतोच. 'व्यवहार प्रक्रियेत आहे, कृपया प्रतीक्षा करा' हे वाचून एखादी आजी गोंधळते. 'थांबा, पैसे मोजतोय' म्हटलं असतं तर तिला कुणाला विचारावं लागलं नसतं.

यंत्र आता खिशात

मुंबईच्या तिकीटयंत्रांकडे परत वळलं, तर त्यांचा पुढचा प्रवास लक्षात येतो. एटीव्हीएमच्या आधी कूपनं होती. कूपनांची पुस्तिका विकत घ्यायची आणि भाड्याइतकी कूपनं स्थानकावरच्या लाल-पिवळ्या डब्यात घालून पंच करायची. २०१५ च्या सुमारास ती बंद झाली. एटीव्हीएम आलं तेव्हा स्मार्ट कार्ड सक्तीचं होतं. कार्ड ठरलेल्या जागी टेकवायचं, उपनगरी मार्गांच्या नकाशावर किंवा यादीत स्टेशन निवडायचं, एकेरी की परतीचं ते सांगायचं आणि तिकीट बाहेर येईपर्यंत कार्ड हलवायचं नाही. नवखा माणूस नेमका शेवटच्या पायरीला कार्ड उचलायचा. २०२२ पासून यंत्राच्या पडद्यावर क्यूआर येऊ लागला आणि यूपीआयने पैसे भरता येऊ लागले. कार्ड बाळगायची अट त्यामुळे सैल झाली.

दरम्यान २०१४ च्या अखेरीस रेल्वेचं यूटीएस ॲप मुंबईत सुरू झालं होतं. आता तिकीट मोबाइलमध्येच निघू लागलं. पण मग तपासनीस दिसला की तिकीट काढायचं, अशी चलाखी होणार हे उघड होतं. म्हणून जीपीएसच्या आधारे रुळांपासून ठरावीक अंतराच्या आत ॲपवर तिकीट निघणार नाही असा बंदोबस्त केला गेला, आणि स्थानकात पोहोचलेल्यांसाठी भिंतीवर क्यूआर लावले गेले. म्हणजे अख्ख्या किऑस्कच्या जागी कागदाचा एक चौकोन आला. पडदा, संगणक, इंटरनेट हे सगळं प्रवाशाने स्वतःच्या खर्चाने खिशात आणलेलं. मेट्रोत हेच आणखी पुढे गेलं आहे. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवायचा, तिकिटाचा क्यूआर येतो, तो दरवाजावर दाखवायचा.

याचा अर्थ यंत्रं हटणार, असा घाईने काढू नये. फोनची बॅटरी संपते, रेंज जाते, आणि साधा फोन वापरणारे लोक अजून भरपूर आहेत. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला एका तिकिटासाठी ॲप उतरवून नोंदणी करायची नसते. अशांसाठी रोख घेणारी खिडकी, शेजारी माणूस असलेलं यंत्र आणि ॲप अशा तिन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवणं रेल्वेला भाग पडतं.

बोट लावण्याआधी

वापरणाऱ्याच्या दृष्टीने किऑस्कवरची सावधगिरी साधी आहे. कार्डाची फट हाताने किंचित हलवून पाहावी. कार्डाची माहिती चोरणारे तिच्यावर दुसरं नकली तोंड बसवतात आणि ते सैल असतं. पिन दाबताना दुसरा हात आडवा धरावा, कारण चोराचा छुपा कॅमेरा वरच्या बाजूला असतो. भारतात २०१८ च्या अखेरपासून चुंबकीय पट्टीऐवजी चिपची कार्डं सक्तीची झाल्यावर या चोरीला बराच आळा बसला, तरी धोका पुरता गेलेला नाही. पैसे भरायचा क्यूआर यंत्राच्या पडद्यावर उमटलेला असेल तर चांगलं. वरून चिकटवलेला कागद दिसला तर फोनवर कुणाचं नाव येतं ते वाचूनच रक्कम पाठवावी. अनोळखी मदतनिसाच्या हातात कार्ड आणि पिन दोन्ही एकदम देऊ नयेत. काम झाल्यावर पहिला पडदा परत आल्याशिवाय जागा सोडू नये.

आणि यंत्राने पैसे कापले पण दिलं काहीच नाही, तर? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याची मुदत ठरवून दिली आहे. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम वजा झाली, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपणहून परत जमा करायची असते. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत, तर तिथेही पाच दिवसांची मुदत आणि तीच भरपाई लागू आहे. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि यंत्रावर लिहिलेला त्याचा ओळखक्रमांक हाताशी हवा. थर्मल कागदावरची अक्षरं उडण्याआधी पावतीचा फोटो काढून ठेवला, की तक्रार करायला एवढं पुरतं. मुदत उलटूनही बँकेने दाद दिली नाही, तर तिच्याकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ती तक्रार ऑनलाइन नोंदवता येते आणि तिला शुल्क पडत नाही.